चौथा आणि अकरावा सोडून

मुलांचं मानसिक आरोग्य उत्तम आहे, असं संचालकांनी सोमवारच्या बैठकीत जाहीर केलं आणि म्हणून समुपदेशक बाईंची जागा महिनाअखेर बंद होत आहे, असं लगेच पुढच्या वाक्यात सांगितलं.

बैठकीला अकरा माणसं होती. समुपदेशक बाई स्वतः वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तारीख लिहून घेतली.

"सहा वर्षांत एकही लाल फॉर्म नाही," संचालक म्हणाले. "ही मुलं चिवट आहेत. आपणच त्यांना उगाच दुबळं समजत होतो."

'चिवट' हा संचालकांचा आवडता शब्द. जिन्यातल्या पोस्टरवर तो होता, वार्षिक अहवालावर होता आणि मुलांना वाटलेल्या पाण्याच्या बाटल्यांवरही होता. बाटल्या मात्र तितक्याशा निघाल्या नाहीत, महिन्याभरात त्यांची झाकणं तुटली.

एचआयव्ही असलेल्या आयांच्या पोटी जन्मलेल्या तीनशे चाळीस मुलांचा या प्रकल्पात अभ्यास चालायचा, जन्मापासून अठराव्या वाढदिवसापर्यंत. आयांनी गरोदरपणात औषधं वेळेवर घेतल्यामुळे बहुतेक मुलांना लागण झालेली नव्हती. तसं प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षी मिळायचं, कडेला फुलं छापलेलं. पण आजारी आईच्या घरात वाढणाऱ्या निरोगी मुलाचं काय होतं, हे प्रकल्पाला जाणून घ्यायचं होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी मूल यायचं, त्याची उंची आणि वजन घेतलं जायचं, ते ठोकळे रचायचं, चित्रातली चूक शोधायचं आणि दहा वर्षांचं झालं की सव्वीस प्रश्नांची उत्तरं द्यायचं. प्रत्येक प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत' या शब्दांनी सुरू व्हायचा. उत्तरं चारच होती: कधीच नाही, क्वचित, बरेच दिवस, रोज. बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की लाल फॉर्म भरायचा. लाल फॉर्म भरल्याशिवाय समुपदेशक बाईंनी कुणाला भेटायचं नाही, असा नियम होता.

मुलं चोवीस प्रश्नांना 'कधीच नाही' म्हणायची. चौथ्या प्रश्नाला, म्हणजे झोपेच्या, आणि अकराव्याला, म्हणजे भुकेच्या, 'क्वचित' म्हणायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. प्रकल्पाचे आकडेवाले गृहस्थ या सुसंगतीवर इतके खूश झाले की त्यांनी झोप आणि भूक यांच्या नात्यावर वीस पानी लेख लिहिला आणि तो दोन परिषदांत वाचला. त्यावरून प्रकल्पाने मुलांना तीनशे चाळीस उशा वाटल्या. उशांचं वाटप समुपदेशक बाईंनी केलं, कारण त्यांना दुसरं काम नव्हतं.

बैठकीतल्या अकरा जणांपैकी एकीला हे 'क्वचित' कुठून आलं ते ठाऊक होतं. ते तिनेच ठरवलं होतं.

तिला आपण थोरली म्हणू, कारण घरी तिला तेच म्हणायचे. वय वीस. अठरा वर्षं ती स्वतः या अभ्यासात होती. तिची उत्तरं इतकी स्वच्छ की वय उलटल्यावर संचालकांनी तिला प्रश्नकर्ती म्हणून नोकरी दिली. आता ती टेबलाच्या या बाजूला बसून तेच सव्वीस प्रश्न वाचायची आणि समोरची मुलं तिची उत्तरं तिलाच ऐकवायची.

नऊ वर्षांपूर्वी, अकराव्या वर्षी, तिने एकदा खरं उत्तर दिलं होतं. 'एकटं वाटलं का' याला ती 'बरेच दिवस' म्हणाली, आणखी दोन-तीन ठिकाणीही असंच काही म्हणाली. लाल फॉर्म भरला गेला आणि चौथ्या दिवशी त्यांच्या इमारतीखाली एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. दोन्ही दारांवर प्रकल्पाचं पूर्ण नाव, आजाराच्या नावासकट, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत. गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोन बायका उतरल्या आणि त्यांनी खालच्या दुकानात, जिन्यात, पहिल्या मजल्यावर असं तीन ठिकाणी त्यांच्या घराचा पत्ता विचारला. वर आल्यावर त्या अतिशय प्रेमाने बोलल्या. "तुला काय वाटतं ते सांग, बेटा. इथे सगळं गुप्त आहे." गाडी खाली चाळीस मिनिटं उभी होती.

आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, विम्याची माणसं होती. काकू म्हणाल्या, "असं होय." पुढच्या आठवड्यात काकूंनी आपल्या मुलाला यांच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलं. दोन महिन्यांनी यांनी घर बदललं.

'बरेच दिवस' म्हटलं की घर जातं, हे थोरलीला तेवढ्यावरून कळलं. पुढच्या खेपेला प्रतीक्षागृहात बसल्या बसल्या तिने बाकीच्या मुलांना ते समजावून सांगितलं. सगळीकडे 'कधीच नाही' म्हटलं तर संशय येईल, म्हणून दोन जागा सोडल्या. पोरांनी ते पाढ्यांसारखं पाठ केलं, मोठ्यांनी धाकट्यांना शिकवलं, आणि तीन वर्षांत लाल फॉर्म येणं बंद झालं. प्रकल्पाने हे आपलं यश मानलं, आणि एका परीने ते त्याचं होतंही.

बैठकीनंतर थोरली आपल्या टेबलावर गेली. समुपदेशक बाईंची जागा गेली याचं तिला वाईट वाटलं, पण फार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेतून फोन आला.

"तुमची बहीण तीन आठवडे शाळेत नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "घरी काही आहे का?"

"नाही," थोरलीने सवयीने सांगितलं.

धाकटी पंधरा वर्षांची होती. रोज सकाळी आठला ती गणवेश घालून, दप्तर घेऊन घरातून निघायची आणि पाचला परत यायची. बुधवारी थोरलीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ती तिच्या मागून गेली. धाकटी शाळेचा रस्ता सोडून उजवीकडे वळली आणि तयार कपड्यांच्या कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर जाऊन बसली. या कारखान्यात आई शर्टांना कॉलर जोडायची. धाकटीने दप्तर मांडीवर घेतलं. एक बस आली, थांबली, गेली. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि वेगही कमी केला नाही. तो तिला ओळखत असावा.

थोरली शेजारी जाऊन बसली.

"तू कशी इथे?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या बाईंचा फोन आला होता. तीन आठवडे झाले म्हणाल्या."

"अठरा दिवस. मध्ये रविवार होते."

"इथे काय करतेस?"

"बसते."

"साडेचारपर्यंत?"

"पावणेएकला ती डबा खायला बाहेर येते. त्या पायरीवर बसते. तेव्हा मी खांबामागे जाते."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ अॅम्ब्युलन्स येतेय का बघते. आत काही झालं तर गेटातूनच जाणार ना."

हे तिने असं सांगितलं की जणू कुणीतरी तिला या कामावर नेमलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी आईने तिला सांगितलं होतं. मुलाला चौदा पूर्ण झाली की आईने सांगावं, अशी प्रकल्पाची सूचना होती. ते कसं सांगावं याची एक घडीपत्रिकाही होती, तिच्यावर हसणारा सूर्य होता. आईने ती उघडली नाही. गणवेशाला इस्त्री करता करता ती म्हणाली, "मला एचआयव्ही आहे. तुला नाही, ताईला नाही. बाहेर बोलायचं नाही. हा स्कर्ट घे, सांभाळून, गरम आहे." तोपर्यंत धाकटीला वाटायचं की आई हाडांच्या गोळ्या घेते आणि तो अभ्यास मुलांच्या वाढीचा आहे. उत्तरं तिलाही पाठ होती. गाडी आली की घर का जातं, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

सांगून झालं म्हणजे विषय संपला, असं आईला वाटलं. सगळं ठाऊक असलेली मावशी एकच होती. ती फोनवर म्हणाली, "तुझा रिपोर्ट चांगला आहे ना? मग सुटलीस. आता हसत राहायचं." धाकटी हसत राहिली होती.

"आईला काही होत नाहीये," थोरली म्हणाली. "वीस वर्षं गोळ्या घेतेय. तिचं रक्त तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त वेळा तपासतात. ती म्हातारी होणार आहे, आपलं डोकं खाणार आहे."

"माहितेय."

"मग?"

"माहितेय म्हटलं ना. माहीत असून काय होतं?"

थोरलीला पुढे काय विचारावं ते सुचेना. गेलं दीड वर्ष ती दिवसाला सहा मुलांना प्रश्न विचारत होती आणि त्यात तिने स्वतःचा असा एकही विचारला नव्हता. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, मान हलवायची नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यासाठी तीन दिवस हातात आरसा देऊन बसवलं होतं. कोऱ्या चेहऱ्यात तिचा पहिला नंबर आला होता.

"गेल्या दोन आठवड्यांत," ती म्हणाली, "किती वेळा तुला असं—"

"कधीच नाही," धाकटी म्हणाली. "पुढचा."

"मी तसं विचारत नव्हते गं."

"तसंच विचारत होतीस. चेहरापण तोच केलास. घरी जेवतानाही करतेस. आई तुला घाबरते."

थोरलीने चेहरा बदलायचा प्रयत्न केला. तो कसा करायचा ते तिला आठवेना.

"समुपदेशक बाईंना भेटशील?" तिने विचारलं. "त्या चांगल्या आहेत. महिनाअखेरपर्यंतच आहेत."

"लाल फॉर्म लागतो."

"तुझी पाळी अठ्ठावीसला आहे. खरं सांगितलंस तर फॉर्म होईल."

"आणि गाडी?" धाकटी म्हणाली. "तूच सांगितलंयस. मी दहा वर्षांची होते, दात घासत होते, तेव्हापासून सांगतेयस. गाडी येते, मग घर जातं. आता आईच्या कारखान्यात कळलं तर? तिची मुकादम कशी आहे माहितेय ना? ती हिच्या पेल्यालापण हात लावणार नाही."

हे सगळं थोरलीनेच शिकवलं होतं. पावणेएकला आई बाहेर आली, पायरीवर बसली, डबा उघडला. दोघी बहिणी खांबामागे उभ्या राहून तिचं जेवण होईपर्यंत बघत राहिल्या. खांब एकीपुरताच होता.

गुरुवारी सकाळी थोरली संचालकांच्या खोलीत गेली. ते पाहुण्यांच्या दौऱ्याचा कार्यक्रम तपासत होते. प्रकल्पाला मदत देणाऱ्या संस्थेची माणसं अठ्ठावीस तारखेला यायची होती.

"सर, ती उत्तरं खरी नाहीत."

"कोणती?"

"सगळी. मुलं पाठ करून येतात. मी शिकवलंय त्यांना, लहान असताना."

संचालकांनी पेन खाली ठेवलं आणि आकडेवाल्यांना बोलावून घेतलं. आकडेवाले सडपातळ, नम्र गृहस्थ होते. ते उभ्यानेच ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चार आणि अकराच का?"

"चौथा सोपा होता. परीक्षेच्या दिवसांत झोप कुणालाच येत नाही."

"आणि अकरा?"

"मला तेव्हा अकरावं चालू होतं."

आकडेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. त्यांच्या लेखात अकराव्या प्रश्नाचं मूळ गर्भावस्थेतल्या पोषणात दाखवलेलं होतं, आलेखासह.

"हे बघ," संचालक म्हणाले, "एका व्यक्तीच्या सांगण्यावरून काही ठरत नसतं. एक म्हणजे किस्सा. किस्से आपण मोजत नाही."

"दहा जणांना आणते."

"दहा म्हणजे दहा किस्से."

"आपल्याकडे तीनशे चाळीस आहेत, सर."

"त्यांचं मोजून झालंय," संचालक म्हणाले. "ते चिवट निघालेत. पाहुणे येऊन जाऊ देत, मग आपण एक उपसमिती नेमू. तुलाही घेऊ तिच्यात. पण तुला हे आत्ताच का आठवलं?"

मग थोरलीने बहिणीचं सांगितलं. बसथांब्याचं नाही, फक्त शाळेचं आणि झोपेचं. संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"मग भरा की लाल फॉर्म. मी कुठे अडवलंय?"

"गाडी येईल ना घरी."

"कोणती गाडी?"

"पांढरी. नाव लिहिलेली."

संचालकांनी आकडेवाल्यांकडे पाहिलं. आकडेवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अगं, ती विकून सात वर्षं झाली. गॅरेजवाल्याने नेली, नाव खरवडून. तेव्हापासून घरी कुणी जात नाही. सगळं इथेच, बंद खोलीत. नियमपुस्तिकेत आहे, एकेचाळिसाव्या पानावर. नोटीस बोर्डावर कागदही लावला होता."

थोरलीने नियमपुस्तिका चाळिसाव्या पानापर्यंत वाचली होती. नोकरीच्या वेळची परीक्षा तेवढ्यावरच होती. नोटीस बोर्ड कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत होता. तिथे मुलांना जाता येत नव्हतं, आणि कर्मचाऱ्यांना लाल फॉर्म भरायची वेळ न आल्यामुळे पुढचं काही वाचायची गरज पडली नव्हती. सात वर्षं तीनशे चाळीस मुलं एका विकलेल्या गाडीपासून आपापली घरं वाचवत होती. त्यांना ते काम देणारी थोरली आता त्याच इमारतीत पगारावर होती.

हे तिने त्या संध्याकाळी धाकटीला सांगितलं. स्वयंपाकघरात दोघीच होत्या, आई अंघोळीला गेली होती.

धाकटीने आधी विश्वास ठेवला नाही. मग ती हसायला लागली, आणि हसताना तिला खुर्चीची पाठ धरावी लागली.

"म्हणजे मी पाच वर्षं थापा मारल्या त्या कुणासाठी?"

"माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "माझं चुकलं."

"तू अकरा वर्षांची होतीस."

"नंतर वीसची झाले ना. विचारायला पाहिजे होतं."

"कुणाला विचारणार होतीस? तुमच्याकडे प्रश्न तुम्हीच विचारता." धाकटीने डोळे पुसले. "आणि खरं सांगायचं तरी कुणाला, घड्याळबाईला? ती वरही बघत नाही."

घड्याळबाई ही दुसरी प्रश्नकर्ती. नातेवाइकाने नातेवाइकाला प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम असल्याने धाकटी कायम तिच्या वाट्याला यायची. ती प्रत्येक मूल बरोबर बावीस मिनिटांत संपवायची. तिचा तो विक्रम होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

"तिला नको सांगूस," थोरली म्हणाली. "नुसतं तिच्यासमोर बोल."

आई टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि विचारलं, "काय हसताय?" दोघी म्हणाल्या, काही नाही.

अठ्ठावीसला सकाळपासून जिना पुसलेला होता आणि प्रतीक्षागृहात नव्या खुर्च्या होत्या. पाहुणे साडेअकराला यायचे होते. समुपदेशक बाईंच्या खोलीतलं कपाट आदल्या दिवशीच रिकामं झालं होतं, तिथे आता मोठा प्रिंटर यायचा होता. बाई एका खोक्यात आपल्या वस्तू भरत होत्या: पेला, पंखा, उरलेल्या दोन उशा.

प्रश्नांच्या दोन टेबलांमध्ये प्लायवूडची भिंत होती. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला ऐकू जाऊ नये म्हणून ती घातली होती, आणि ती आल्यापासून फक्त दिसणं बंद झालं होतं. सव्वादहाला थोरलीसमोर दोन वेण्यांची बारा वर्षांची मुलगी बसली होती. भिंतीपलीकडे घड्याळबाईने घड्याळ लावलं.

"गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा तुला उदास वाटलं?"

"कधीच नाही," धाकटीचा आवाज आला.

"गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा तुझी चिडचिड झाली?"

"कधीच नाही."

थोरलीने आपल्यासमोरच्या मुलीला दुसरा प्रश्न विचारला. तिने तो पुरा होण्याआधीच उत्तर दिलं. तिसऱ्यालाही तसंच. पलीकडे तिसरं 'कधीच नाही' झालं. जमणार नाही असं थोरलीला वाटलं. पाच वर्षांचं पाठांतर जिभेवर बसलेलं असतं.

"गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा तुला झोप लागायला त्रास झाला?"

पलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"रोज," धाकटी म्हणाली.

"क्वचित," घड्याळबाईने लिहिता लिहिता म्हटलं.

"रोज म्हणाले मी."

पेन थांबल्याचं ऐकू आलं. "मी प्रश्न पुन्हा वाचते," घड्याळबाई म्हणाली, नियमाप्रमाणे, आणि तिने तो पुन्हा वाचला.

"रोज. आणि मागचे तीनही चुकलेत. ते पुन्हा विचारा."

"मागे जाता येत नाही."

"मग पुढचे विचारा."

घड्याळबाईने पुढचा विचारला. त्याला 'बरेच दिवस' आलं. सहावा प्रश्न जवळच्या माणसाला काही होईल अशी भीती वाटण्याचा होता.

"रोज. दिवसभर. मी त्यामुळे शाळेत जात नाही. आईच्या कारखान्यासमोर बसते, ती मरतेय का बघत. हे कुठे लिहिणार?"

"त्याला रकाना नाही."

"बाजूला लिहा."

"बाजूला लिहायची परवानगी नाही गं, बाळा," घड्याळबाई म्हणाली. 'गं' आणि 'बाळा' दोन्ही नियमाबाहेरचे होते.

"ताई," थोरलीसमोरची मुलगी म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही," थोरली म्हणाली. तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. समोरची मुलगी टक लावून तिच्याकडे बघत होती, कारण प्रश्नवाल्या ताईंचा चेहरा असाही होतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

सव्वीस प्रश्नांना पलीकडे एक तास दहा मिनिटं लागली. बेरीज मर्यादेच्या दुपटीहून जास्त आली. घड्याळबाई उठून कपाटाकडे गेली. लाल फॉर्मचा कप्पा होता, पण त्यात उशांची माहितीपत्रकं होती. तिने सगळे कप्पे काढून पाहिले, मग ती आकडेवाल्यांकडे गेली.

"नमुना फाइलमध्ये असेल," आकडेवाले म्हणाले. "छापून देतो. पण लाल कागद संपलाय. पांढरा चालेल का?"

"नियमात लाल लिहिलंय."

"पांढऱ्यावर लाल पेनने?"

दोघं त्यावर विचार करत उभे होते, तेवढ्यात समुपदेशक बाई दारातून म्हणाल्या, "मुलगी कुठे आहे?"

"फॉर्म व्हायचाय, मॅडम."

"होऊ दे. मला परवा जायचंय, काय करतील फार तर? काढून टाकतील?" त्या धाकटीकडे वळल्या. "चल. तुला आधीच सांगते, सहा वर्षांत मी उशांशिवाय कुणाशी बोललेले नाही. अडखळले तर सांभाळून घे. पण तू अठराच्या आतली आहेस, घरच्यांची सही मात्र लागेल. ती पांढऱ्या कागदावर चालते."

थोरलीने कारखान्याच्या ऑफिसमध्ये फोन लावला. आई आली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. तिच्या बाहीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"मुकादमला काय सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"मुलीची तब्येत बरी नाही म्हटलं." आईला धाप लागली होती. "दुसरं काही सुचलंच नाही गं. काय झालंय तिला?"

"ती शाळेत जात नाही. तुझ्या गेटासमोर बसते, बसथांब्यावर. तू आहेस ना ते बघायला."

आई जागच्या जागी उभी राहिली. "मला कशी दिसली नाही?"

"तू जेवायला आलीस की खांबामागे जायची."

"मला वाटायचं," आई म्हणाली, "रोज कुणीतरी आहे तिथे. मला वाटायचं माझ्यावर कुणी पाळत ठेवलीय. कळलंय म्हणून. मी मान वर करून बघायचीच नाही."

मग ती आत गेली, सही केली, धाकटीचा हात धरून क्षणभर थांबली आणि बाहेर आली. समुपदेशक बाईंनी दार लोटलं.

दार पुन्हा उघडलं. "हिला दार बंद नकोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला दिसायला पाहिजेत म्हणते. नियम बंद दाराचा आहे, पण खोलीपण माझी नाहीये आता. तुम्ही इथे समोर बसाल का? ऐकू येणार नाही, मी पंखा लावते. किती वेळ लागेल सांगता येत नाही."

"बसते की," आई म्हणाली.

थोरलीने प्रतीक्षागृहातली एक नवी खुर्ची उचलून आणली. मार्गिका अरुंद होती. खुर्ची दाराच्या बरोबर समोर ठेवली तर जायला जेमतेम वाट उरत होती, आणि थोडी बाजूला ठेवली तर धाकटीला दिसत नव्हतं. थोरलीने ती बरोबर समोर ठेवली. वीस वर्षं आई या इमारतीत मागच्या दाराने यायची, डोक्यावरून ओढणी घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. ती खुर्चीवर बसली आणि तिने ओढणी मांडीवर ठेवली.

जिन्यावर पावलं वाजली. संचालक पुढे होते, मागे चार पाहुणे, एकाच्या गळ्यात कॅमेरा. "इथे प्रश्नावली घेतली जाते," संचालक सांगत होते. "आमची मुलं तुम्हाला भेटतीलच, अतिशय चिव—" त्यांनी खुर्ची पाहिली. ते आईजवळ येऊन वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही जरा प्रतीक्षागृहात बसता का? पाहुण्यांना पुढे जायचंय. तिकडे सोफा आहे, चहा आहे."

आईने दारातून आत पाहिलं. धाकटी बोलत होती, हातवारे करत, आणि मध्ये मध्ये नजर उचलून बाहेर बघत होती.

"माझी मुलगी आत आहे," आई म्हणाली. हळू आवाजात नाही, नेहमीच्या. "मला इथेच बसायला सांगितलंय."

"हो, पण फोटो वगैरे—"

"त्यांना सांगा, थोडं तिरकं होऊन जा."

संचालकांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने चेहरा अजिबात कोरा ठेवला नाही. मग चारही पाहुणे एकामागून एक, पोट आत घेऊन, पाठ भिंतीला घासत आईच्या गुडघ्यांसमोरून गेले, आणि आईने पाय जवळ घेतले नाहीत.